वाशिष्ठीचा गाळ, शहरातले पऱ्ये आणि नगरपरिषद: पावसाळ्याआधी नेमकं काय मागावं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. बाजारपेठेत खाली किराणा दुकान, वर घर. २००५ चा २६ जुलै आणि २०२१ चा २२ जुलै, दोन्ही पूर याच घरातून पाहिलेत, त्यामुळे मे महिना लागला की आमच्याकडे लोणच्याच्या आधी पुराचं बोलणं सुरू होतं.

२०२१ च्या अखेरीस नगरपरिषदेची मुदत संपली, मग चार वर्षं प्रशासकीय कारभार. २०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली. म्हणजे नव्या सभागृहाचा हा पहिला पावसाळा. आमच्या भागातली काही मंडळी मिळून निवेदन देणार आहोत. पहिल्याच बैठकीत मागण्यांची यादी दीड पान झाली. नदीतला गाळ, कोयनेचं पाणी, वरची जंगलतोड, महामार्गाचा भराव, लोट्याच्या कारखान्यांचं सांडपाणी, सगळं आलं.

माझं मत वेगळं आहे. नगरपरिषदेकडे तेवढंच मागावं जे तिच्या हातात आहे आणि जे झालं की नाही ते आपण स्वतः जाऊन बघू शकतो. बाकीच्या मागण्या खऱ्याच आहेत, पण त्या ज्याच्या त्याच्या दारात न्याव्यात. बैठकीत माझ्या बाजूने फार कोणी बोललं नाही. "गाळाचं नाव नाही तर निवेदन कसलं?" असं ऐकावं लागलं. तुम्हाला काय वाटतं? आणि चारच मागण्या लिहायच्या तर कोणत्या?

पेठमापकर
ताई, बैठकीत जे बोलले त्यांचंच बरोबर आहे. गाळ सोडून बाकी सगळं म्हणजे वरवरची मलमपट्टी. नदीचं पात्र किती भरलं होतं ते आम्ही काठावरचे जाणतो. मधे बेटं झाली होती, त्यावर झाडं उगवली होती. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, सगळे पक्ष बाजूला ठेवून लोक मांडवात येऊन बसले, तेव्हा कुठे सरकार हललं. मग नाम फाउंडेशन आलं, यंत्रं आली, पात्र मोकळं झालं. हे लोकांनी मिळवलेलं आहे. ते निवेदनातून वगळलंत तर वरचे म्हणतील, चला, विषय संपला.

पाग_पाखाडी
सहमत. गाळ पहिला.

निवृत्त_पाटबंधारे
मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, बरीचशी कोकणातच. थोडं सविस्तर लिहितो, कारण दोघांचंही म्हणणं अर्धं अर्धं पटतं.

वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते ती अगदी कड्यावरून उतरावी तशी, आणि चिपळुणात येते तेव्हा एकदम सपाटीला लागते. उताराचं पाणी वेगाने येतं, सपाटीवर वेग मरतो आणि सोबत आणलेली माती तिथेच बसते. शिवाय समुद्र दूर दाभोळला असला तरी भरती खाडीतून गोवळकोटपर्यंत चढते. वरून लोंढा आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट नाही. २२ जुलै २०२१ ला नेमकं तसंच जुळलं. गुरुपौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस. पहाटेपासून पाणी चढत गेलं.

गाळ काढल्याने पात्राची पाणी वाहून नेण्याची ताकद वाढते यात शंका नाही. लहान आणि मध्यम पुराला त्याचा फायदा मिळतो. पण भरतीच्या टप्प्यात पाण्याची पातळी पात्राच्या खोलीपेक्षा समुद्र ठरवतो. आणि वरची माती सुटायची थांबली नाही तर काढलेली जागा पुन्हा भरते. म्हणून गाळ हे कायमचं काम आहे, दर काही वर्षांनी करावं लागणार. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत नदीत जातो, तेव्हा तो कुठे टाकला हेही विचारायला हवं.

आता मुद्दा हा की नदी जलसंपदा विभागाची. नगरपरिषदेने ठराव करून पाठवला तरी यंत्र लावण्याचा पैसा आणि अधिकार तिच्याकडे नाही. शहरातले नाले, गटारं, पऱ्ये (म्हणजे पावसाळी ओढे) मात्र तिचेच. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ४९ मध्ये गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे बंधनकारक कर्तव्यांत येतं. ते टाळता येत नाही.

वाशिष्ठीकाठ
काका, मला हेच म्हणायचं होतं, पण इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

पेठमापकर
साहेब, तुमचा आदर आहे. पण "समुद्र ठरवतो" म्हटलं की लोक हात वर करतात. कोयनेचं काय? वीज तयार करून पाणी आमच्याच नदीत सोडतात ना?

निवृत्त_पाटबंधारे
सोडतात, बरोबर. कोयना धरण साताऱ्याच्या बाजूला. सांडव्यातून सोडलेलं पाणी पूर्वेकडे कराडला आणि पुढे कृष्णेतून सांगलीला जातं. वीजनिर्मितीचं पाणी मात्र बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला उतरतं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात आणि शेवटी वाशिष्ठीत. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायची परवानगी आहे. उन्हाळ्यात वाशिष्ठी आटत नाही ती याचमुळे, हेही विसरू नका. प्रश्न आहे तो पुराच्या काही तासांचा. त्या तासांत निर्मिती बंद ठेवणं, कोळकेवाडीत आधीपासून जागा राखणं, आणि विसर्ग वाढवण्याआधी चिपळूणला कळवणं. ही मागणी महानिर्मिती आणि जलसंपदा यांच्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करायची.

सांगलीकर_अण्णा
आमचं नाव निघालं म्हणून बोलतो. कोयनेचं पाणी तुमच्याकडं पण येतंय आणि आमच्याकडं पण. १०५ टीएमसीचं धरण, भरत आलं की तुम्ही म्हणणार पूर्वेला सोडा, आम्ही म्हणणार पश्चिमेला वळवा. २०१९ ला आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं होतं बघा. आमची धोक्याची पातळी ४५ फूट. घरात छातीएवढं पाणी आणि तेही दिवसच्या दिवस हललं नाही. म्हणून एक विनंती, कोयनेवर भांडताना दोन्हीकडची माणसं एका टेबलावर बसली पाहिजेत. एकाला वाचवायला दुसऱ्याला बुडवायचं, असं नको.

आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. सांगलीत लहान पोराला पण विचारा, "आयर्विनला किती फूट?" सांगतंय. ४० इशारा, ४५ धोका. कुठल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे लोकांना पाठ आहे. ३० फुटाला अमुक कॉलनी, मग पुढची. त्यामुळं माणसं आधी हलतात, जनावरं आधी हलवतात. तुमच्याकडं असं कोष्टक आहे का? नसलं तर पहिली मागणी तीच करा.

वाशिष्ठीकाठ
अण्णा, हे फार मोलाचं सांगितलंत. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, हे रोजच्या बातमीपत्रात येतं. पण ५ मीटरला वडनाक्यावर काय होतं, साडेपाचला चिंचनाक्यावर काय होतं, हे आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या गड्याला माहीत आहे, कागदावर कुठे नाही. तो गावी गेला की आम्ही आंधळे.

गोवळकोट_कुवेत
मी कुवेतला नोकरीला, अब्बा-अम्मी गोवळकोटला. आमच्या बाजूचे कितीतरी लोक आखातात आहेत. २०२१ ला त्या दिवशी फोन बंद, वीज बंद, नेट बंद. इथे बसून आम्ही टीव्हीवर आपल्याच गल्ल्या बघत होतो आणि घरचे जिवंत आहेत का ते कळत नव्हतं. रात्री उशिरा एका मित्राच्या मित्राकडून निरोप आला. त्या रात्रीबद्दल मला अजून कोणाशी बोलता येत नाही.

माझी मागणी एकच. सगळी यंत्रणा मोबाइलवर ठेवू नका. पुरात सगळ्यात आधी मोबाइल जातो. भोंगा हवा, आणि भोंग्याचा अर्थ घराघरात माहीत हवा. थांबून थांबून वाजला तर सामान वर चढवा, सलग वाजला तर घर सोडा, असं काहीतरी ठरवून शाळेत, मशिदीत, देवळात सांगावं. मशिदींना आणि देवळांना ध्वनिक्षेपक आहेतच. त्या दिवशी जमातीची आणि शेजारच्या वाडीची मुलं एकाच होडीतून डबे पोचवत होती. तेच लोक इशारा पण पोचवतील, त्यांना आधी सामील तरी करून घ्या.

पाग_पाखाडी
हे वाचून अंगावर काटा आला. गाळ पहिला म्हटलं होतं मी, आता भोंगा पहिला म्हणतो.

महाडकर
सावित्रीकाठून राम राम. आमच्याकडेही त्याच दिवशी तेच झालं, आणि तालुक्यात तळियेची दरड कोसळली. आमची लढाई गाळाबरोबर दासगावच्या रेल्वे भरावाविरुद्धही चालली. अनुभव सांगतो, गाळाची मागणी कितीही मोठ्या आवाजात करा, पण प्रत्येक कामाचा मोजमापाचा कागद मागा. काम सुरू व्हायच्या आधीचे पात्राचे छेद (रुंदी-खोलीची आडवी मापं) आणि संपल्यानंतरचे छेद. ते नसले तर "इतके लाख घनमीटर काढले" या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

निवृत्त_पाटबंधारे
महाडकर, शंभर टक्के. पेठमापकर, तुमच्या गाळाच्या निवेदनात हे घाला. जलसंपदाच्या नावाने वेगळं निवेदन, त्यात आधीचे आणि नंतरचे छेद, गाळ टाकायची जागा, आणि पुढच्या वर्षीची तरतूद.

पेठमापकर
वेगळं निवेदन असेल तर माझी हरकत नाही. मला भीती एवढीच होती की गाळ यादीतून गायब होईल. ते मी लिहितो.

बांधकाम_व्यवसाय
इथे सगळे पूररेषेवर गप्प का? निळी रेषा आणि लाल रेषा आखून अर्धं शहर त्यात बसवलं तर लोकांनी घरं दुरुस्त करायची नाहीत का? जुनी पेठ शेकडो वर्षं तिथेच आहे. आजोबांच्या जागेवर आज घर पडलं तर पुन्हा बांधायची परवानगी नाही म्हणणं हा अन्याय आहे.

मीनल_दापोली
समजू शकते. पण रेषा कोणी मनाने ओढत नाही हो. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आपल्याकडे २००५ आणि २०२१, सोळा वर्षांत दोन मोठे. रेषा पुसली म्हणून पाणी थांबणार आहे का?

बांधकाम_व्यवसाय
पाणी थांबणार नाही. मग सरसकट मनाई करण्याऐवजी नियम द्या. तळमजला मोकळा ठेवा, वीजमीटर आणि पंप वर घ्या, जोत्याची उंची ठरवा. मी स्वतः गेल्या काही कामांत तळाला फक्त पार्किंग ठेवलंय आणि मीटरची खोली जिन्याच्या पहिल्या वळणावर नेली आहे. ग्राहक सुरुवातीला कुरकुरतात, नंतर आभार मानतात.

मीनल_दापोली
मग आपलं भांडण उरत नाही. रेषा जलसंपदाने आखायची, पण बांधकाम परवानगी देताना तुम्ही म्हणता त्या अटी घालणं नगरपरिषदेचं काम. जुन्या घराच्या दुरुस्तीला मुभा आणि नव्या बांधकामाला उंच जोतं. आणि पऱ्याच्या काठावर भराव घालून प्लॉट पाडायला पूर्ण बंदी. या शेवटच्या गोष्टीवर तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?

बांधकाम_व्यवसाय
आहे. पऱ्या बुजवणारे आमच्या धंद्यातलेच काही लोक आहेत, ते नाकारणार नाही. त्यांच्यामुळे सरळ काम करणाऱ्याचंही नाव जातं.

सह्याद्रीप्रेमी
डोंगराबद्दल कोणीतरी बोललंच पाहिजे. कोकणातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, सरकारी वन फार थोडं. मालकाला पैशाची गरज लागली की ठेकेदार येतो आणि अख्खा डोंगर एका उन्हाळ्यात उघडा होतो. तोडीला १९६४ चा कायदा आहे, परवानगी लागते, पण एकेका झाडाची राखण कोण करणार? खैर गेला सावर्ड्याच्या कातासाठी, बाकीचा गेला भट्टीला आणि लाकडाच्या वखारीला. पहिल्या पावसात त्या उतारावरून जी लाल माती वाहते तीच पुढे वाशिष्ठीत गाळ म्हणून बसते. मालकाला दोष देणं सोपं आहे. जंगल उभं ठेवलं तर त्याला चार पैसे मिळतील अशी काही सोय असल्याशिवाय तो तरी काय करणार? बांबू, औषधी झाडं, मध, यावर काही ग्रामपंचायती काम करू पाहताहेत. हे नगरपरिषदेचं काम नाही हे मान्य. पण शहराने वरच्या गावांशी बोलणं सुरू केलं पाहिजे, कारण आपला पूर तिथून निघतो.

खाडीकाठची
आणि आपला कचरा कुठे जातो, तेही बोला. मी दाभोळ खाडीकाठच्या भोई घरातली. माझे वडील आयुष्यभर खाडीत जाळं टाकत आले. लोट्याच्या औद्योगिक सांडपाण्याचं दुखणं जुनं आहे, मासे मरून तरंगायचे, त्यासाठी आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. ती लढाई प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चालूच राहील. पण जाळ्यात आता मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात. त्या कारखान्यातून येत नाहीत. त्या वरच्या सगळ्या गावांच्या आणि शहरांच्या गटारांतून येतात. पूर आला की तुम्ही दोन दिवस पाण्यात असता, आणि तुमचा सगळा थर्माकोल, गाद्या, बाटल्या आमच्या कांदळवनात अडकून वर्षभर राहतात.

नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावा आणि त्या दर आठवड्याला साफ करा. ही मागणी घ्याल का तुमच्या चारांत? आमचं मत कोणी विचारत नाही, कारण आम्ही शहराच्या हद्दीबाहेर.

वाशिष्ठीकाठ
घेणार. आणि निवेदनावर तुमच्या वाडीच्या सह्याही हव्यात. हद्दीबाहेरच्या सह्या चालत नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही.

मगरप्रेमी
खाडीवाल्यांनी मगरींचा उल्लेख केला नाही याचं नवल वाटलं. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरून मगर चालत गेली, व्हिडिओ देशभर फिरला. मुंबईच्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे सकाळी फिरायला कोण कोण येतं?

निवृत्त_पाटबंधारे
हसलो. पण मगरी नदीत आहेत म्हणजे नदी अजून जिवंत आहे, हेही खरं. काठावर मांस-मच्छीचा कचरा टाकला की त्या वस्तीकडे येतात. तो कचरा उचलणं पुन्हा नगरपरिषदेकडेच आलं.

वैद्य_खेर्डी
पुरानंतरच्या आठवड्याबद्दल लिहितो. पाणी ओसरलं की लोक अनवाणी चिखल उपसायला उतरतात, पायाला खरचटलेलं असतं, आणि पंधरवड्यात तापाचे रुग्ण सुरू होतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) कोकणाला नवीन नाही. उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शिरतो. गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, आणि चिखलात काम केलं असेल तर प्रतिबंधक गोळीसाठी आरोग्य केंद्रात लगेच जा, डॉक्टर वजन-वय-इतर आजार बघून डॉक्सीसायक्लिन देतील. ताप अंगावर काढू नका. या गोळ्यांचा साठा आणि पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीन जूनच्या आधी भरलेला हवा.

सफाईवाल्याचा_मुलगा
डॉक्टर, गमबूट घाला म्हणालात, ते वाचून लिहायला बसलो. माझे बाबा एका नगरपंचायतीत सफाईला होते, ठेकेदाराकडे. गावाचं नाव घेत नाही. त्यांना बूट पावसाळा संपल्यावर मिळायचे, हातमोजे एकाच मापाचे. गटारात हात घालून थर्माकोल काढायचे ते. २०२१ च्या पुरानंतर ठाणे, नवी मुंबईसारख्या महापालिकांची पथकं कोकणात आली, सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण रोज गटार उपसणाऱ्या आपल्याच माणसांना ते कौतुक कधी मिळालं नाही. नालेसफाई मागताय तर त्या माणसांसाठी बूट, मोजे, लस आणि वेळेवर पगार हेही मागा. नाहीतर तुमचा स्वच्छ नाला माझ्या बाबांसारख्या कोणाच्या तरी तापावर उभा राहील.

वाशिष्ठीकाठ
तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. नालेसफाईच्या मागणीत हे पहिल्या वाक्यात येईल.

जुनं_पुस्तक
विषयापासून जरा बाजूला जातोय, पण राहवत नाही. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २०१३ चं साहित्य संमेलन चिपळूणला झालं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. २००५ ला पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा. भिजलेली पुस्तकं लगद्यासारखी झाली होती, पानं सुटी होत नव्हती. बाहेरगावच्या वाचकांनी, प्रकाशकांनी ग्रंथ पाठवले, म्हणून वाचनालय पुन्हा उभं राहिलं. माणसं आधी, हे मान्य. पण शहराच्या नोंदी, जुन्या दप्तरांचे गठ्ठे, वाचनालयं, शाळांची कपाटं, देवस्थानांचे कागद, यांच्यासाठी वरचा मजला आधीच ठरलेला हवा. पाणी चढताना कोणी कपाट उचलत नाही.

पेठमापकर
आमच्या मंडळाची मुलं हे करतील. शिमग्याला पालखी नाचवायला जेवढी येतात, तेवढी कपाटं उचलायला पण येतील, फक्त कोणाचं कपाट कुठे न्यायचं ते आधी सांगून ठेवा.

माहिती_मागणारा
व्यवहाराचं बोलतो. निवेदन देऊन फोटो काढून घरी येऊ नका. आवक क्रमांक घ्या. पंधरवड्याने माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. विचारायचं काय, तर नालेसफाईचा कार्यादेश, कोणता नाला कुठून कुठपर्यंत, किती रकमेला, आणि काढलेला गाळ कुठे टाकला. मे महिन्याच्या सुरुवातीलाच अर्ज गेला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात कागद हातात येतो. उशीर केला तर कागद येईपर्यंत गटार तुंबून मोकळं झालेलं असतं.

पाग_पाखाडी
आणि शहरातले पऱ्ये नक्की किती, हे कोणाला माहीत आहे का? आमच्या पाखाडीतला एक पऱ्या स्लॅबखाली गेलाय. वर आता दुचाक्या लावतात. नवीन माणसाला तिथे पाणी वाहतं हेच माहीत नाही.

निवृत्त_पाटबंधारे
हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सगळ्या पऱ्यांचा, नाल्यांचा आणि मोऱ्यांचा एक नकाशा. कुठे उगम, कुठे स्लॅबखाली, कुठे रुंदी कमी झाली, शेवटी नदीला कुठे मिळतो. भूमी अभिलेखाच्या जुन्या नकाशांत बरेचसे सापडतील. आजचं आणि तेव्हाचं शेजारी ठेवलं की कोणी काय बुजवलं हे भांडण न करता दिसेल. चौपदरी महामार्गाखालच्या मोऱ्यांचं काम राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, पण त्यांची तोंडं साफ आहेत का हे नकाशावर नोंदवता येईल. मी वेळ देऊ शकतो. सोबत चार तरुण हवेत, मोजपट्टी आणि छत्री घेऊन.

गोवळकोट_कुवेत
माझा धाकटा भाऊ सर्व्हेचं शिकलाय, सुट्टीवर घरी आहे. त्याला पाठवतो, काका.

मीनल_दापोली
ताई, आता मसुदा टाका. चर्चा भरपूर झाली.

वाशिष्ठीकाठ
टाकते. नगरपरिषदेसाठी चार मागण्या अशा लिहिल्या आहेत.

शहरातल्या सर्व पऱ्या-नाल्यांचा नकाशा जुन्या अभिलेखांवरून तयार करून तो नगरपरिषदेच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक प्रभागात लावावा. नागरिक मोजणीला मदत करतील.

सफाई कामगारांना बूट, मोजे आणि लसीकरण आधी देऊन मग नालेसफाई ३१ मेपूर्वी पूर्ण करावी. प्रत्येक नाल्याचा आधीचा-नंतरचा फोटो, रक्कम आणि गाळ टाकल्याची जागा जाहीर करावी. नदीला मिळणाऱ्या तोंडांवर जाळ्या लावून त्या दर आठवड्याला साफ कराव्यात.

नदीच्या कोणत्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी येतं याचं कोष्टक जुन्या रहिवाशांना विचारून बनवावं. विजेच्या खांबांवर पातळीच्या रंगीत खुणा कराव्यात. भोंग्याचे अर्थ ठरवून शाळा, मंदिरं, मशिदी आणि मंडळांपर्यंत पोचवावेत.

पूरक्षेत्रातल्या नव्या बांधकामाला उंच जोतं, मोकळा तळमजला आणि वर घेतलेले वीजमीटर या अटी घालाव्यात. पऱ्याच्या काठावरचा भराव थांबवावा.

जलसंपदा, महानिर्मिती, महामार्ग, वनविभाग आणि प्रदूषण मंडळ यांची निवेदनं वेगळी. जलसंपदाचं पेठमापकर लिहिताहेत, त्यात कोयना-कोळकेवाडीचंही घ्या. जंगलाचं सह्याद्रीप्रेमींनी, प्रदूषणाचं खाडीकाठच्या ताईंनी लिहावं ही विनंती.

बांधकाम_व्यवसाय
चौथ्या मागणीत "जुन्या घराच्या दुरुस्तीला अडथळा येऊ नये" हे शब्द घाला. त्याशिवाय पेठेतले लोक सही करणार नाहीत.

वाशिष्ठीकाठ
घातले.

वैद्य_खेर्डी
गोळ्यांचा साठा?

वाशिष्ठीकाठ
तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, वेगळ्या पत्रात. तुम्ही मसुदा दिलात तर बरं होईल, डॉक्टर.

सांगलीकर_अण्णा
कोष्टक करताना एक करा. २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं त्या खुणा भिंतींवर अजून असतील, त्या आधी मोजून घ्या. रंग दिला की जातात. आमच्याकडं २०१९ च्या कितीतरी खुणा अशाच गेल्या.

निवृत्त_पाटबंधारे
उत्तम सूचना. शनिवारी सकाळी सात वाजता बाजारपुलाजवळ भेटू. पहिल्यांदा भिंतीवरच्या खुणा, मग पाखाडीतला तो स्लॅबखालचा पऱ्या. गोवळकोटच्या मुलाने लेव्हलिंगचं यंत्र मिळतंय का बघावं, नाहीतर पाण्याच्या नळीने पातळी घेऊ.

पेठमापकर
मी येतो. मंडळाची दोन मुलं पण आणतो. दुकानातल्या त्या म्हाताऱ्या काकांना सोबत घ्या ताई, गल्ल्या तेच सांगतील.